जुन्या टाइमाचे पाच

लढाईच्या त्या वर्षांत सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली, आणि आमच्या मलकापुरात दोन टाइम झाले. स्टेशन, कचेरी आणि आमची कापसाची जिनिंग नव्या टाइमानं चालायची. माळी, गवळी, देवळातला पुजारी आणि घरोघरच्या बायका जुन्याच टाइमानं. कुणी म्हटलं, दहाला येतो, की विचारावं लागे, कोणत्या दहाला. या घोळाचं कुणाला फारसं काही वाटत नसे. मला मात्र वाटायचं. ज्या गोष्टीचं कुणालाच काही वाटत नाही, ती रात्रभर घोळवत बसायचा माझा स्वभावच आहे.

मी मूळचा समुद्राकाठचा. मराठी चौथीनंतर माझी शाळा सुटली. रेल्वेत असलेल्या एका नातलगानं मला इकडं आणलं, त्याची पुढं बदली झाली, आणि मी कापसाच्या गाठींपाशी राहिलो. प्रेसमधून बांधून आलेल्या गाठींवर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या रंगानं मार्का मारायचा, हे माझं काम. हात आपोआप चाले आणि डोकं मोकळं राही. त्या मोकळ्या डोक्यात दोनच गोष्टी असत: आदल्या दिवशीच्या पेपरातली बातमी, आणि जुळत नसलेली एखादी ओळ. बातमी काळजीची असली की ओळ जुळत नसे. जुळलीच तर आपलीच लाज वाटे. तिकडं माणसं उपाशी मरतायत, जहाजं बुडतायत, आणि हा इथं गण मोजतोय.

राहायला मी एका माळ्याच्या घरी होतो. पहिल्या पावसाळ्यात मला हिवताप आला आणि मी जिनिंगच्या छपरात सरकीच्या पोत्यांवर पडून होतो. भाजी घेऊन येणाऱ्या या माळ्यानं मला पाहिलं आणि रिकाम्या बैलगाडीत घालून घरी नेलं. त्याच्या बायकोनं मला कढण पाजलं, माझ्या ओकाऱ्या काढल्या. बरा झाल्यावर मी निघायचं म्हटलं, तर ती म्हणाली, "कुठी जातं आता? खोली रिकामीच पडून राह्यली ना." त्या एका वाक्यावर मी पुढली कित्येक वर्षं तिथं राहिलो. मी तिला मावशी म्हणे आणि त्याला काका. ते दोघं मला शायर म्हणत. अर्धं कौतुकानं, अर्धं चेष्टेनं.

जिनिंगच्या मॅनेजरचा पेपर शिळा झाला की मला मिळे. संध्याकाळी निंबाखाली मी तो मोठ्यानं वाची. काका बैलांपुढं कडबा टाकत विचारत, "कुठवर आली बे लढाई?" जशी काही ती चिखलीच्या रस्त्यानं येणारी मोटार. मी सांगे, अमुक ठिकाणी आहे. मग ते विचारत, "थे शेगावच्या अलीकडं का पलीकडं?" मावशी हसे. मी पण हसे. पण माझी नजर आधी जहाजांच्या बातम्यांवर जायची. आमच्या गावाला आगबोटीशिवाय वाट नव्हती, पावसाळ्यात तीही बंद. आई तिकडं एकटी होती आणि लढाईमुळं बोटी कधी सुटत, कधी सुटत नसत.

जहाजांच्या बातमीला आणखी एक कान लागलेला असे. काकांची मुलगी तेव्हा दारात धान्य पाखडत बसायची. मी समुद्राचं नाव घेतलं की सुपाचा आवाज थांबे.

तिचं लग्न आधी एकदा ठरलं होतं. मुलगा शेजारच्याच गावचा. साखरपुडा झाला आणि तो पलटणीत भरती झाला. बोटीत बसल्याचं त्याचं एक कार्ड आलं, पुढं काहीच आलं नाही. सरकारातूनही कळलं नाही की तो आहे की नाही. शेवटी मुलाच्या आईबापांनीच निरोप पाठवला, तुमची मुलगी अडकवून ठेवत नाही. त्यांनी हे चांगुलपणानंच केलं. पण भाजीबाजारात बायका वेगळं बोलत. टिळा लागला आन् पोट्टा गेला, पायगुण हाय पोट्टीचा, असं. एकदा ते मावशीच्या कानावर पडलं. ती टोपली तिथंच टाकून घरी आली. तेव्हापासून मी पेपरातल्या जहाजांच्या बातम्या मनातल्या मनात वाचून पुढच्या रकान्यावर जाऊ लागलो. सुपाचा आवाज मग थांबत नसे. पण मुलीला ते कळत होतं, हे मला पुढं समजलं.

गावात तोंडं फार, म्हणून काकांनी लांबचं स्थळ पाहिलं. दुसरबीडकडचं. माळ्याचंच घर, विहीर, मिरचीची बागाईत, मुलगा शांत. आधीच्या साखरपुड्याचं काकांनी काही लपवलं नाही. मुलाची आई म्हणाली, "असू द्या, त्यात पोरीचा काय दोष." पण मुलाचा चुलता, घरातला कर्ता माणूस, म्हणाला, "दोष न्हाई, पण सगळं मुहूर्तावर झालं पाहिजे. कुठं बोट ठेवायला जागा नको." हे वाक्य काकांनी घरी येऊन सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मुहूर्त हा शब्द हळू आवाजात बोलला जाऊ लागला.

मंगलाष्टकं मी करायची आणि मीच म्हणायची, असं मावशीनं ठरवून टाकलं. मला आनंद झाला. गाठींवर मार्का मारता मारता महिनाभर मी ती केली. आठ झाली. कुळदैवत झालं, वांग्याची वाडी झाली, मोटेचं पाणी झालं, मावशीचे हात झाले. बाहेर जे चाललं होतं त्याचं काय करायचं, हे मात्र कळेना. रॉकेल नाही, साखर नाही, कापड नाही, पेपरात रोज मेलेल्यांचे आकडे. त्याचा एक शब्दही आला नाही तर कविता खोटी, आणि आला तर लग्नात अपशकुन. मी लिहायचो, खोडायचो, परत लिहायचो.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना मुलगी मेथीच्या जुड्या बांधता बांधता मान वर न करता म्हणाली, "दादा, तुम्ही पेपरातलं गाळून वाचता, मले समजते."

मी खाली बसून एक जुडी हातात घेतली.

"माह्यं काही म्हननं नाही. जिथं देतील तिथं मी चांगली राहीन. पन त्या अष्टकात एक ओळ ठेवा. जे पाण्यावर गेले त्यायच्यासाठी. नाव नका घेऊ कोनाचं."

मी हो म्हटलं. तिला नाही म्हणणं मला जमलंच नसतं. त्या रात्री एक ओळ आली, अगदी सहज, जशी इतके दिवस दाराबाहेरच उभी होती:

जे गेले जलधीवरी, परतुनी त्यांना मिळो आंगण.

मावशीला म्हणून दाखवली. तिनं विचारलं, "जलधी म्हंजे?" मी म्हटलं, समुद्र. ती चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्या चुलत्याले कळंल का?" ही भीती मला सुचली नव्हती. तिनं ती माझ्या हातात ठेवली आणि भाकरी थापायला लागली.

मुहूर्त आमच्या जोशीबुवांनी पंचांग पाहून काढला. जुन्या टाइमानं चार ते साडेचार. साडेचारनंतर वेळ चांगली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गावातले पाहुणे, जिनिंगचे लोक सगळे नव्या टाइमाचे, म्हणून काका सगळ्यांना सांगत सुटले, नव्या टाइमानं पाच. दुसरबीडला निरोप तोंडी गेला. निरोप्यानं तिथं सांगितलं, नव्या टाइमानं पाच. पण तिथं नवा टाइम पाळतो कोण. घरातल्या घरात निरोप फिरता फिरता "नव्या"ला काही कामच उरलं नाही आणि ते गळून पडलं. राहिले नुसते पाच. त्यांच्या घड्याळाचे पाच म्हणजे आमचे सहा. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण सगळेच पाच म्हणत होते.

वऱ्हाड आदल्या दिवशी कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आलं. चढावर माणसांना उतरून ढकलावं लागलं होतं, सगळ्यांची तोंडं काळी. त्यावरून चेष्टा झाली. आमच्याकडच्या बायका म्हणाल्या, हळद लावाची कुठी, आधी घासा तर खरं. रात्र हसण्यात गेली. मला वाटलं, उगाच घाबरत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी गेलेला. तिथून घोड्यावर बसून वाजतगाजत मांडवात यायचं. आमच्या मांडवात सगळी तयारी होती. तांदूळ मिळत नव्हते म्हणून ज्वारीच्या पिवळ्या अक्षता वाटून झाल्या. जोशीबुवा पाटावर बसले. वाजंत्री काही ऐकू येईना. काकांनी माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघं देवळाकडं निघालो. काका चालता चालता पळायला लागले.

पारावर सगळे निवांत. कुणी पान लावतंय, कुणी आडवं झालेलं. घोडा कडबा खातोय. काकांनी हात जोडून चुलत्याला, म्हणजे होणाऱ्या व्याह्याला, म्हटलं, "इवाई, चला ना. वेळ झाली."

चुलत्यानं बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं, शांतपणे उघडलं. "चारबी न्हाई वाजले अजून. आपला मुहूर्त पाचचा."

"पाच नव्या टाइमाचे, इवाई. जुन्याचे चारच."

"तुमचं मलकापूर रेल्वेच्या मागं पळतं. आमचा सूर्य जुनाच हाय." पारावरची माणसं हसली. "पंचांग जुन्या टाइमाचं असतं. बामणानं पाच काढले, म्हंजे जुने पाच."

मी पुढं होऊन समजवायला लागलो, की बुवांनी चारच काढले होते, काकांनी पाहुण्यांसाठी त्याचे पाच केले. माझ्या तोंडून शब्द भराभर आणि उलटसुलट येत होते. चुलत्यानं मला खालून वर पाहिलं.

"तुम्ही कोन?"

"शायर हाय आमचा," काका म्हणाले. "कोकनातला."

"मंग कोकनातल्या मानसाला काय ठाव हितं किती वाजले?"

परत हसू. काका मात्र हसले नाहीत. त्यांच्या फेट्याचं टोक सुटून खांद्यावर आलं होतं आणि ते त्यांना कळलं नव्हतं. ते सारखं तेच बोलत होते, इवाई, साडेचारनंतर वेळ चांगली नाही, इवाई, माह्या पोरीवर बोल येईल. चुलता म्हणाला, "बोल येऊ न्हाई म्हनूनच थांबलो ना आमी. येळेआधी अक्षता पडल्या आन् उद्या घरात काही झालं, तर लोक कुनाला म्हनतील? तुमच्याच पोरीला म्हनतील." हे तो रागानं म्हणत नव्हता, खरंच मुलीच्या काळजीनं म्हणत होता. एकाची खात्री होती की थांबलो तर मुलगी बदनाम, दुसऱ्याची खात्री होती की निघालो तर. मध्ये मी, घामानं भिजलेला. माझ्याकडं घड्याळही नव्हतं.

तेवढ्यात मुंडावळ्यांच्या आतून नवरदेव चुलत्याला बोलला. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता.

"काका, मी काल रातच्यापासून उपाशी हाय. मला दोन्ही टाइमानं भूक लागली."

पारावर खसखस पिकली. चुलत्याला हसू आवरलं नाही. तो आवरायला गेला, पण मिशीतून फुटलंच. नवरदेव उठून घोड्याकडं चालायलाच लागला, मग वाजंत्रीवाल्यांना उठणं भाग पडलं. चुलता घड्याळ हातातच धरून निघाला. माझ्या बाजूनं जाताना म्हणाला, "चला. पण ध्यानात ठिवा, माझ्या घड्याळात पाच वाजले न्हाईत."

मांडवात येईतो वेळ सरत आली होती. अंतरपाट धरला गेला. मुलीचा मामा तिच्यामागं उभा राहिला. जोशीबुवांनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाले, "माझं एक, तुझी दोन. बाकीची सोड. वेळ नाही."

महिनाभराची आठ, आणि आता दोन. पहिलं कुळदैवताचं म्हणावंच लागणार होतं. उरलं एक. वाडीचं म्हणावं तर काका खूश. मावशीच्या हातांचं म्हणावं तर मावशीचं, जिच्यामुळं मी जिवंत होतो. दोन्ही बिनधोक्याची. आणि तिसरं ते, पाण्यावर गेलेल्यांचं. अंतरपाटाच्या वरून मुलीचं फक्त खाली घातलेलं डोकं दिसत होतं. पलीकडं चुलता, उघडं घड्याळ तळहातावर, माझ्याच तोंडाकडं बघत. बुवांचं संपलं, सावधान झालं, अक्षता पडल्या. मी कुळदैवताचं म्हटलं. आवाज बरा लागला. परत सावधान. मग मी थांबलो. इतका थांबलो की लोक माझ्याकडं बघू लागले.

"म्हना ना," चुलता म्हणाला, "थांबता काहून?"

मी ते तिसरं सुरू केलं. ठरवून नाही. तोंड उघडलं आणि तेच आलं. पहिले चरण वधूवरांना आशीर्वादाचे होते, ते नीट गेले. शेवटच्या चरणाला आलो आणि जलधी या शब्दापाशी अडखळलो. मला मावशीचं चुलीकडं बघणं आठवलं. पण चरण अर्ध्यात सोडता येत नाही, सगळ्यांच्या मुठी अक्षता टाकायला वर झालेल्या असतात. आंगण म्हटलं, लांबवलं, सावधान. ज्वारी सगळ्यांच्या डोक्यांवर पडली. अंतरपाट दूर झाला. माळा घातल्या गेल्या. वाजंत्री वाजली. मुलीनं एकदा मान वर केली, माझ्याकडं नाही, मांडवाच्या दाराबाहेर, आणि परत खाली घातली.

वेळेत झालं की नाही, ते मला माहीत नाही. बुवांनी झालं म्हटलं. बुवा चांगले होते, ते झालंच म्हणाले असते.

रॉकेल मोजकंच होतं, त्यामुळं उजेड असतानाच पंगती उठवायच्या होत्या. नवरा-नवरीला आणि वऱ्हाडाला लगेच बसवलं. मी वांग्याच्या भाजीचं पातेलं घेऊन वाढायला लागलो. एकदोघांच्या पत्रावळीबाहेर रस्सा गेला. वऱ्हाडातल्या बायका आपसात हळू बोलत होत्या. त्या समुद्राचंच बोलतायत, असं मला वाटत होतं. मावशी दाराआडून त्यांच्या तोंडांकडं बघत होती. ती माझ्याकडं मात्र बघेना. मी मनात ठरवलं, बोल आलाच तर मी सांगेन की ओळ माझी, मुलीचा काही संबंध नाही. कुणी विश्वास ठेवील का, ते नाही ठरवता आलं.

चुलत्याच्या पानापाशी आलो. त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"ते शेवटचं काय होतं? पान्यावरचं?"

मी म्हटलं, "लढाईवर गेलेल्यांसाठी होतं. मीच केलं. कुणी सांगितलं नव्हतं."

त्यानं आडवा हात तसाच ठेवला. शेजारी बसलेल्या नवरदेवानं खाली बघत सांगितलं, "आमच्या काकाचा लहाना पोरगा लढाईवर बसऱ्याला हाय. दिवाळीपासून कार्ड न्हाई."

चुलत्यानं डावा हात खिशात घातला आणि घड्याळ काढलं. उघडून माझ्यापुढं धरलं. काटा पाचावर होता. जुन्या टाइमाचे पाच.

"आमचा मुहूर्त आत्ता लागला," तो म्हणाला. "म्हना ते परत. हळू म्हना, लोक जेवू लागले."

मी पातेलं खाली ठेवलं आणि पंगतीत उभ्याउभ्याच ते म्हटलं, गाऊन नाही, नुसतं. मांडवात बसलेले बरेच जण जेवायचे थांबले. माझी भीती गेली नव्हती. सावधान म्हणायचं मी विसरलो, ते चुलताच बोलला. त्याच्या बंडीच्या खिशात थोडी ज्वारी राहिली होती. ती काढून त्यानं बसल्या जागेवरूनच पुतण्याच्या आणि सुनेच्या डोक्यावर टाकली. एकदोन दाणे वरणात पडले. नवरी तशीच बसून राहिली. मग तिनं चुलतसासऱ्याच्या पानाकडं पाहिलं, तिथं भाजी नव्हती, आणि मला म्हणाली, "दादा, त्यायले वाढा ना."

मी वाढलं. मावशी दाराआडून बाहेर आली आणि मागच्या पंगतीत पोळ्या वाढायला लागली.